आधी गळती, मग दाब : सीपॅप नव्याने लावणाऱ्यांसाठी

झोपेत श्वास अडकू नये म्हणून लावायचं माझं सीपॅप मशीन घरी आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी गल्लीत बातमी पसरली, की कृषी केंद्रवाले भाऊ ऑक्सिजनवर आहेत. शेजारचे आबा सकाळीच दारात. "काय व्हयनं भो, ऑक्सिजन लागना का?" कोरोनानंतर आपल्याकडे मास्क, नळी आणि मशीन दिसलं की माणूस शेवटच्या घटका मोजतोय असंच लोक धरून चालतात. मी आबांना मशीन उघडून दाखवलं. यात सिलिंडर नाही, ऑक्सिजन नाही, औषध नाही. खोलीतलीच हवा गाळून ती जरा दाबाने नाकात सोडणारा हा एक पंखा आहे.

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात माझं बी-बियाणं, खतं आणि ठिबकच्या सामानाचं दुकान आहे, त्यामुळे मला ही गोष्ट नळीच्या भाषेतच कळली. शेतात अंथरतो तो लपेटा पाइप आठवा. पाणी नसेल तर चपटा पडलेला, मोटार चालू झाली की फुगून गोल. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि पडजीभ मागे कलते आणि काही जणांचा श्वासमार्ग त्या पाइपासारखा चपटा होतो. १० सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबला तर त्याला ॲप्निया म्हणतात. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकतो, माणूस खर्रकन श्वास ओढतो आणि सकाळी त्याला यातलं काहीच आठवत नाही. आठवतं ते शेजारी झोपणाऱ्या माणसाला. सीपॅप त्या मार्गात हवेचा दाब कायम ठेवतं, एवढंच त्याचं काम. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटार उलटी वापरून हा प्रयोग केला आणि १९८१ मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. मूळ कल्पना आजही तीच आहे.

हा लेख ज्यांना डॉक्टरांनी सीपॅप लिहून दिलंय, मशीन घरी आलंय आणि पहिल्या आठवड्यातच ते कपाटावर ठेवायची इच्छा होतेय, त्यांच्यासाठी आहे. मीही ठेवलं होतं. तीन आठवडे.

रिपोर्टमध्ये काय बघायचं

झोपेच्या चाचणीचा रिपोर्ट दहा पानी असला तरी सुरुवातीला तीन गोष्टी बघा. पहिली एएचआय, म्हणजे तासाला सरासरी किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला. ५ पेक्षा कमी असेल तर ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र. माझा ३८ होता. दुसरी, ऑक्सिजन रात्रीत कुठवर उतरला. तिसरी, अडथळा कुठला आहे. 'ऑब्स्ट्रक्टिव्ह' म्हणजे घसा बंद पडतोय. 'सेंट्रल' म्हणजे घसा उघडा आहे, पण मेंदूकडून श्वासाचा हुकूमच येत नाही. बहुतेकांचा पहिलाच प्रकार असतो. दुसऱ्याचा आकडा मोठा असेल तर साध्या सीपॅपने भागेलच असं नाही, त्यामुळे तिथे डॉक्टरांशी बोलल्याशिवाय मशीन विकत घेऊ नका.

मशीन आणण्याआधी

साध्या मशीनमध्ये दाब एकच, कायम. ऑटो मशीनला खालची आणि वरची मर्यादा दिलेली असते आणि ते श्वासाच्या अंदाजाने दाब त्यांच्यामध्ये वर-खाली करतं. परवडत असेल तर ऑटो घ्या, पुढे दाब ठरवायला सोपं जातं. शक्य असेल तर आधी महिनाभर भाड्याने वापरून बघा. जुनं मशीन स्वस्तात मिळत असेल तर मॉडेल तपासून घ्या. फिलिप्सने जून २०२१ मध्ये आतला फोम झिजून कण सुटण्याच्या धोक्यामुळे लाखो मशीनं परत मागवली होती आणि त्यातली काही अजूनही हातोहात फिरू शकतात. वापरलेला मास्क तर घेऊच नका.

माझ्या विक्रेत्याने खोकं दिलं, बटण दाखवलं, 'रात्री लावून झोपा' म्हणाला आणि गेला. मास्क माझ्या चेहऱ्याला मोठा होता आणि दाबाची सेटिंग कारखान्यातून आली तशीच राहिली. हे दोन्ही दोष माझ्या लक्षात यायला दीड महिना गेला. तुम्ही मात्र त्याला बसवून ठेवा. तुम्ही आडवे पडलेले असताना, मशीन चालू असताना त्याने मास्क बसवून दाखवलाच पाहिजे. खुर्चीत बसून मापलेला मास्क पलंगावर गळतो, कारण आडवं झालं की गालाची चरबी सरकते.

पहिला आठवडा : दिवसा सराव

पहिल्या रात्री मास्क लावून आठ तास झोप लागेल ही आशा सोडा. दिवसा टीव्हीसमोर बसून आधी नुसता मास्क हाताने नाकावर धरा. मग पट्टे लावा. मग मशीन चालू करून पाच मिनिटं, दुसऱ्या दिवशी पंधरा. क्रिकेटचा सामना असेल तर अर्धा तास कसा गेला कळत नाही. तोंड बंद ठेवून नाकाने श्वास घ्या. सुरुवातीला बोलायचा प्रयत्न केला तर हवा भसकन तोंडातून बाहेर येते आणि माणूस घाबरतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

लाइट गेली तर गुदमरणार का, ही भीती बायकोलाही होती. नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कमध्ये हवा थांबली की आपोआप उघडणारी झडप असते. फक्त नाकावर बसणाऱ्या मास्कात तोंड मोकळंच असतं. शिवाय मास्कला बारीक छिद्रं असतात, त्यातून सोडलेला श्वास सतत बाहेर पडतो. ती छिद्रं गळती समजून चिकटपट्टीने बुजवू नका. असं करणारा माणूस मला भेटलाय.

दुपारी वामकुक्षी घेत असाल तर तेव्हाही मास्क लावा. ज्या शेतकऱ्यांना शेतीची लाइट रात्रीची असते, मध्येच उठून मोटार चालू करायला जावं लागतं, त्यांनी परत येऊन पडल्यावर मास्क पुन्हा लावायचाच. 'आता दोन तासच तर उरलेत' असं वाटतं खरं, पण पहाटेच्या झोपेतच स्वप्नं जास्त पडतात, स्नायू सर्वांत सैल असतात आणि ॲप्निया बऱ्याच जणांना तेव्हाच जास्त होतो.

मास्क, म्हणजे निम्मं काम

तीन प्रकार आहेत. नाकावर बसणारा, नाकपुड्यांत टेकणारा छोटा, आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा. नाक मोकळं असेल तर पहिल्या दोघांपासून सुरुवात करा. ते हलके असतात आणि गळण्याच्या जागा कमी. नाक कायम चोंदलेलं असेल किंवा झोपेत तोंड उघडत असेल तर तिसरा. मिशीवाल्यांनी (आपल्याकडे ते कमी नाहीत) नाकपुड्यांतला प्रकार आधी बघावा, कारण मिशीवर सिलिकॉनची कड नीट बसत नाही. छातीत पेसमेकर असेल तर मास्कच्या पट्ट्यांना लोहचुंबक नाही ना, हे विचारून घ्या. घरात कुणाला पेसमेकर असेल तरी विचारा.

मास्क गळायला लागला की सगळे पट्टे आवळतात. तिथेच चुकतं. कड हवेने किंचित फुगून चेहऱ्यावर बसायची असते. आवळली की ती चुरगळते, जास्त गळते आणि नाकाच्या दांडीवर लाल वण उठतो. पट्टे सैल करा, मशीन चालू करा, मास्क चेहऱ्यापासून जरा पुढे ओढून पुन्हा टेकवा आणि मग दोन्ही बाजूंनी सारखं, थोडं थोडं घट्ट करा. पट्ट्याखाली बोट जायला हवं.

आणि तेल. रात्री डोक्याला खोबरेल चोपडून, तोच हात चेहऱ्यावर फिरवून झोपायची सवय असेल तर मास्क रात्रभर घसरणार. झोपण्याआधी साबणाने चेहरा धुवा, कोरडा करा, क्रीम लावू नका. माझी निम्मी गळती एवढ्यानेच थांबली. तेल सकाळी लावा.

सकाळी तोंड वाळवंटासारखं कोरडं पडत असेल तर हवा तोंडातून निसटतेय. हनुवटीचा पट्टा काहींना चालतो. तोंडाला चिकटपट्टी लावायचे व्हिडिओ फिरतात, पण नाक चोंदणाऱ्यांनी किंवा ज्यांना पित्ताने उलटीसारखं होतं त्यांनी त्या नादी लागू नये. मास्कचा प्रकार बदलणं जास्त शहाणपणाचं.

पाणी, ऊन, थंडी

मशीनसोबतच्या ह्युमिडिफायरची छोटी टाकी हवा ओलसर करते. त्यात डिस्टिल्ड पाणी घालावं. आपल्या बोअरच्या पाण्याचे क्षार गिझरवर कसे बसतात ते पाहिलंय ना, टाकीतही तसाच पांढरा थर धरतो. उकळल्याने सगळे क्षार जात नाहीत. अडलं तर आरओचं पाणी एखाद-दोन रात्री चालेल. उरलेलं पाणी रोज सकाळी ओतून टाका, टाकी धुऊन उघडी वाळवा. थर बसलाच तर एक भाग व्हिनेगर, दहा भाग पाणी घालून ठेवा आणि नंतर खळखळून धुवा.

ह्युमिडिटी किती ठेवायची याचं उत्तर परदेशी पुस्तिकेत मिळत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास असतो, रात्री भिंतीसुद्धा तापलेल्या. अशा वेळी गरम केलेली ओली हवा नाकात नको वाटते. त्यात खोलीत कूलर चालू असेल तर हवेत ओल आधीच असते, तेव्हा ह्युमिडिफायरची उष्णता बंद करा, टाकीत नुसतं पाणी राहू द्या. एसी लावत असाल तर उलट, एसी हवा कोरडी करतो, ह्युमिडिटी वाढवा.

हिवाळ्यात वेगळाच घोळ. धुळ्याकडे पारा एक आकडी झाला की गरम ओली हवा थंड नळीत थिजते, पाण्याचे थेंब होतात आणि मध्यरात्री नाकात गुळगुळ होऊन जाग येते. पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं मशीन बिघडलं. नळी गोधडीखालून घ्या, ह्युमिडिटी एक-दोन अंकांनी उतरवा आणि मशीन डोक्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवा म्हणजे पाणी चेहऱ्याकडे न येता मागे जाईल. बाजेवर झोपणाऱ्यांनी मशीन पाटावर ठेवावं, थेट जमिनीवर नको, धूळ ओढतं.

फिल्टर दर पंधरा दिवसांनी बघा. सहा महिने चालतो असं लिहिलेलं असतं, पण कापसाच्या हंगामात आणि वाऱ्या-वावटळीच्या दिवसांत तो त्याआधीच काळपट होतो. पातळ पांढरा फिल्टर धुऊन पुन्हा वापरायचा नसतो, टाकून द्यायचा. मास्कची कड रोज पुसा. मास्क आणि नळी आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, सावलीत वाळवा. डेटॉल, ब्लीच, ओझोनची यंत्रं नकोत.

लाइट

मशीनपेक्षा ह्युमिडिफायरची उष्णता जास्त वीज खाते. ती बंद केली तर मशीन साधारण ३० वॅटच्या आतबाहेर चालतं, म्हणजे आठ तासांना २४० वॅट-तास. घरातली १२ व्होल्ट, १५० एएचची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तासांची असते. गळती-घसारा धरला, सोबत एक पंखा धरला, तरी रात्र निघते. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा घ्या, जुना स्क्वेअर वेव्हचा असेल तर ॲडॅप्टर गुरगुरतो आणि तापतो. लाइट गेल्यावर ह्युमिडिफायरची उष्णता बंद करायला विसरू नका. आमच्याकडे फिडर दुरुस्तीला गेला की कधी येईल याचा भरवसा नसतो.

सकाळचे तीन आकडे

आता मुख्य गोष्ट. सकाळी मशीनच्या पडद्यावर किंवा ॲपमध्ये तीन आकडे बघायचे, आणि ते याच क्रमाने : किती तास, किती गळती, किती एएचआय. लोक थेट एएचआयवर उडी मारतात. गळती मोठी असेल तर मशीनला तुमचा श्वास नीट 'ऐकू' येत नाही आणि मग एएचआयचा आकडाही विश्वासाचा राहत नाही. ठिबकच्या सबमेन पाइपला भोक पडलंय आणि शेवटच्या ओळीला पाणी पोचत नाही म्हणून कुणी मोटार मोठी बसवतं का? आधी भोक शोधतात.

तास : अमेरिकेत विमावाले रात्री किमान ४ तास हा निकष लावतात. तो पास होण्याचा आकडा झाला, पोटभर झोपेचा नव्हे. जितका वेळ झोप, तितका वेळ मास्क.

गळती : रेसमेड कंपनीच्या मशीनवर २४ लिटर प्रति मिनिटाच्या आत असावी. इतर काही कंपन्या मास्कच्या छिद्रांतून मुद्दाम जाणारी हवाही धरून आकडा दाखवतात, त्यामुळे मित्राच्या मशीनशी तुलना करू नका.

एएचआय : मशीन लावल्यावर ५ च्या आत हवा. एका रात्रीवरून काही ठरवू नका, आठवड्याची सरासरी बघा.

ज्यांना खोलात जायचंय त्यांनी मशीनमधलं मेमरी कार्ड कॉम्प्युटरला लावून ऑस्कर नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडावं. रात्रीचा श्वासन्श्वास दिसतो. भाच्याने मला ते बसवून दिलं तेव्हा कळलं, की माझी गळती रोज पहाटे तीननंतर, म्हणजे उताणा झाल्यावर सुरू होते. पाठीमागे उशी लावून कुशीवर झोपायला लागलो. उताणं झोपलं की ॲप्निया तसाही वाढतो, एका दगडात दोन पक्षी.

दाब

मशीनवरचा दाब 'सेंटीमीटर पाणी' या मापात असतो, बहुधा ४ ते २०. दाब १० म्हणजे दहा सेंटीमीटर खोल पाण्याच्या तळाशी असतो तेवढाच. ठिबकच्या मीटरवरचा एक किलो दाब म्हणजे दहा मीटर पाणी, हा त्याचा शंभरावा हिस्सा. फुप्फुसं फुटतील असं वाटणाऱ्यांनी हा हिशोब लक्षात ठेवावा.

ऑटो मशीन बऱ्याचदा ४ ते २० या उघड्या सेटिंगवर येतं. दिसायला छान, मशीन स्वतःच ठरवेल. प्रत्यक्षात ४ वर अनेक मोठ्या माणसांना हवा पुरत नाही, गुदमरल्यासारखं होतं आणि ते मास्क ओढून काढतात. मला वाटायचं दाब जास्त आहे म्हणून गुदमरतंय. उलटं होतं. शिवाय घसा बंद पडायला लागल्यावर मशीन ४ पासून वर चढतं, गरजेच्या दाबाला पोचेपर्यंत दोन-चार ॲप्निया होऊन गेलेले असतात, आणि मग जोरात चढलेल्या दाबाने मास्क गळतो.

म्हणून '९५ टक्के दाब' हा आकडा बघतात. ९५ टक्के वेळ दाब ज्याच्या आत राहिला, तो. माझा ११ यायचा. ते बघून डॉक्टरांनी खालची मर्यादा ७ आणि वरची १३ केली. त्याच रात्री झोप लागली असं नाही, पण चार-पाच रात्रींत एएचआय ९ वरून ३ वर आला.

रॅम्प म्हणजे झोप लागेपर्यंत दाब कमी ठेवून हळूहळू वाढवणं. रॅम्प ४ पासून सुरू करून हवा पुरत नसेल तर त्याची सुरुवात ६ वर न्या किंवा रॅम्पच बंद करून बघा. श्वास सोडताना जड जात असेल तर दाब तेवढ्यापुरता उतरवणारी, १ ते ३ अशा पायऱ्यांची सोय बहुतेक मशीनांत असते, नाव कंपनीगणिक वेगळं. रेसमेडच्या मशीनवर ती ३ वर ठेवली तर श्वास सोडताना दाब खरोखरच तितका खाली येतो, काहींचा एएचआय त्याने वाढतो, हेही ध्यानात असू द्या.

मास्क, ह्युमिडिटी, नळीची उष्णता, रॅम्प हे स्वतः बदलायला हरकत नाही. दाबाची मर्यादा मात्र आकडे दाखवून, डॉक्टरांना विचारून. हृदय कमजोर असेल, दम्याचा-फुप्फुसाचा जुना आजार असेल, पक्षाघात होऊन गेला असेल, तर हातच लावू नका. काहींना दाब वाढवल्याने सेंट्रल ॲप्निया सुरू होतात. मशीन ते वेगळे मोजून दाखवतं. पहिल्या काही आठवड्यांत थोडे दिसले तर बहुधा आपोआप कमी होतात. टिकून राहिले तर फोन करा.

आणि एका वेळी एकच बदल. बदल करा, चार-पाच रात्री थांबा, वहीत लिहा. मी उधारीच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहायचो. मास्क, दाब, ह्युमिडिटी एकाच रात्री बदलली तर सकाळी कशाने काय झालं, देवालाही कळणार नाही.

पोट फुगणं

हवा गिळली जाते, सकाळी पोट नगारा होतं. हे बऱ्याच नव्यांना होतं. डोक्याकडची बाजू थोडी उंच करा, कुशीवर झोपा, दाब गरजेपेक्षा जास्त आहे का ते डॉक्टरांना विचारा. आणि जेवण. हिवाळ्यात मळ्यावर भरीत पार्टी, रात्री अकराला कळण्याची भाकरी आणि वर तेलाचा तवंग आलेली शेवभाजी, आणि बाराला मास्क, तर तक्रार मशीनची नाही. दारू आणि झोपेच्या गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात. वजन कमी झालं तर दाबाची गरजही बहुधा कमी होते, तेव्हा आठ-दहा किलो उतरल्यावर पुन्हा तपासून घ्या.

महिना झाला, तास पुरेसे, गळती कमी, एएचआय ५ च्या आत, तरी दिवसा डोळे मिटतायत, तर डॉक्टरांकडे जा. थायरॉइड, साखर, रक्त कमी असणं, झोपेचे दुसरे आजार, कारणं वेगळीही असतात. तोवर गाडी चालवू नका. मशीन घेण्याआधी जळगावहून परतताना तापीच्या पुलाअलीकडे माझी गाडी कच्च्या रस्त्यावर उतरली होती आणि ती कधी उतरली हे मला माहीत नव्हतं.

आबा परवा म्हणाले, एक रात्र तुझं मशीन दे, मीही घोरतो म्हणे. नाही दिलं. दाब माझ्या घशाचा आहे, मास्क माझ्या चेहऱ्याचा. त्याऐवजी त्यांना दिवसा झोप किती येते ते मोजणारे एपवर्थचे आठ प्रश्न विचारले. वाचताना, टीव्ही बघताना, जेवणानंतर शांत बसल्यावर, थांबलेल्या गाडीत डुलकी लागण्याची शक्यता किती, प्रत्येकाला ० ते ३ गुण. २४ पैकी १० च्या वर म्हणजे तपासायला हवं. आबांचे १७ आले. सोमवारी त्यांच्याकडे चाचणीचं यंत्र येणार आहे. त्यांना सांगून ठेवलंय : त्या दिवशी दुपारी झोपू नका, संध्याकाळनंतर चहा नको, डोक्याला तेल नको, आणि नातीच्या हळदीत लावलेली मेंदी ज्या बोटावर नसेल त्याच बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावायला सांगा.